लवूच्या वतीने

त्या हिवाळ्यात मनमोहनराव त्रिलोकेकरांना सारखी झोप येई, आणि झोपून उठल्यावरही थकवा जसाच्या तसा अंगावर असे. डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली, आणि वय झालं की असं होतं, म्हणून गोळ्या दिल्या. पण सगळं शहरच तेव्हा दमलेलं होतं. वर्षाची सुरुवात गोळीबाराने आणि संचारबंदीने झाली होती. मग मोर्चे, सभा, हरताळ, पुन्हा मोर्चे. आणि शेवटी नोव्हेंबरात मराठी-गुजराती मिळून एकच द्वैभाषिक राज्य आलं तेव्हा, घसा फाटेस्तोवर ओरडून झाल्यावर माणूस जसा भिंतीला टेकून बसतो तशी माणसं आपापल्या कामाला लागली. भिंतींवरच्या घोषणांवर कुणीतरी चुना फासला होता, आणि चुन्याखालून अक्षरं दिसत होती.

मनमोहनराव गिरगावातल्या एका शाळेत इतिहास शिकवीत. ठाकूरद्वारला एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, ते आणि सुनंदाबाई असे दोघेच राहत. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. घर स्वच्छ, शांत, आणि थोडं अंधारं. नवराबायकोत भांडण कधी नव्हतं. बोलणंही, कामापुरतं सोडलं तर, फारसं उरलं नव्हतं. मासे कुठले आणायचे, धोब्याकडून कोट आला का, एवढ्यावर दिवस निघून जाई. मनमोहनरावांना एकच नाद होता, तो अमेरिकेतल्या जुन्या लोकांचा. जुन्या बाजारात मिळालेल्या दोन सचित्र ग्रंथांतली चित्रं त्यांनी एका फोटोग्राफरकडून काचेवर उतरवून घेतली होती, आणि कुणी बोलावलं की ते शाळेचा मॅजिक लँटर्न घेऊन व्याख्यानाला जात. पूर्वी जाताना उत्साह असे. आता ते जात, कारण नाही म्हणायलाही थोडा जोर लागतो.

परळच्या एका कामगार वाचनालयात त्यांना कुशाबा परबाने बोलावलं. कुशाबा एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, होता आणि वाचनालयाचं सगळं तोच बघे. रविवारी दुपारी खिडक्यांना कांबळी लावून अंधार केला, आणि पांढऱ्या धोतरावर चित्रं पडू लागली. प्रथम ओल्मेक लोकांनी घडवलेली दगडी डोकी, काही तर माणसाहूनही उंच, जाड ओठांची, धडावाचून नुसतीच जमिनीवर ठेवल्यासारखी. ती कुणाची, हे आज कुणालाच सांगता येत नाही. मग माया लोकांची देवळं आणि शून्याचं त्यांचं चिन्ह. मग अझ्टेकांचं तळ्यातलं शहर, ज्याच्या कालव्यांवर आज रस्ते आहेत. मनमोहनराव पाठ केल्यासारखं बोलत होते, आणि समोरची माणसं, रात्रपाळी करून आलेली, अर्धी झोपेत ऐकत होती.

शेवटी इंका आले. “यांचा राजा मेला तरी जात नसे,” मनमोहनराव म्हणाले. “त्याचा देह सुकवून जपून ठेवीत. वाडा त्याचाच, जमीन त्याचीच, नोकरचाकर त्याचेच. रोज त्याच्यापुढे जेवण मांडायचं, अंगावरची वस्त्रं बदलायची, सणाच्या दिवशी पालखीत बसवून चौकात आणायचं. त्याचा सल्लाही घ्यायचे. एका स्पॅनिश शिपायाने लिहून ठेवलंय, की प्रत्येक राजाच्या वतीने बोलायला एक पुरुष आणि एक बाई नेमलेली असे.”

मागच्या बाजूला बायका बसल्या होत्या. त्यांच्यातून एक कोरडा, स्वच्छ आवाज आला. “मास्तरानू, तो बोलणारो तेचो नातेवाईक लागता काय?”

मनमोहनरावांनी अंधारात पाहिलं. “नाही,” ते म्हणाले. “तसं काही दिसत नाही. परकाही चाले.”

“बरां,” असं म्हणून ती बाई खाली बसली.

पुढच्याच आठवड्यात कुशाबा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याला बोलायला अवघड वाटत होतं. प्रश्न विचारणारी बाई रखमा सावंत, त्याच्या चाळीत राहणारी, लालबागला. तिचा मुलगा लवू जानेवारीत, त्या गडबडीच्या दिवसांत, सकाळी मोर्चाला म्हणून गेला तो आलाच नाही. कुशाबाने स्वतः सगळी इस्पितळं पालथी घातली होती, चौक्या, तुरुंग, शवागारंसुद्धा. लवू जखमींत नव्हता, अटकेत नव्हता, मेलेल्यांत नव्हता. रखमा दोन्ही वेळेला त्याचं ताट मांडते, आणि बराच वेळ वाट पाहून मग आपण दोन घास खाते किंवा खातही नाही. घरात लवूची बायको कमल. तिने कुंकू लावायचं की पुसायचं, हे वर्षभर कुणाला सांगता आलेलं नाही.

“आता म्हातारीने तुमचं ते राजाचं धरून ठेवलंय,” कुशाबा म्हणाला. “म्हणते, मास्तरांना आणा, ते लवूच्या वतीने बोलतील. मास्तर, एकदा येऊन तिला समजवा. आपल्यात असलं चालत नाय म्हणून सांगा. तुमचं ऐकेल ती.”

मनमोहनराव ट्रामने लालबागला गेले ते समजवायलाच गेले.

खोली एकच होती. खिडकीखाली एक बाक, बाकावर इस्त्रीचा सदरा आणि लेंगा घडी करून ठेवलेला, समोर जमिनीवर ताट, पाण्याचा तांब्या, भातावर कढी. रखमा भिंतीशी बसली होती. इतकी वाळलेली होती, की कुशाबाने सांगितलं नसतं तर तिचं वय ओळखता आलं नसतं. कमलने चहा आणला आणि ती दारात उभी राहिली. मनमोहनरावांनी बोलायला सुरुवात केली, पण जिने चढून त्यांना धाप लागली होती, आणि बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ते बाकाच्या कडेला, त्या सदऱ्याशेजारी टेकले.

ते टेकले आणि रखमाने लगेच विचारलं, “तेका इचारा, माझ्यार रागावलो काय?”

मनमोहनरावांनी तिच्याकडे पाहिलं, कढीवर धरलेल्या सायीकडे पाहिलं. समजवायचं म्हणजे केवढं बोलावं लागणार होतं. त्यापेक्षा एक वाक्य सोपं होतं.

“रागावलेला नाही,” ते म्हणाले. “आई, तू वेळेवर जेव, म्हणतो.”

रखमाने मान हलवली, ताट आपल्याकडे ओढलं आणि ती जेवू लागली. सावकाश, सगळं ताट संपवून. दारातल्या कमलने पदराने तोंड दाबलं. जिना उतरताना मनमोहनरावांच्या लक्षात आलं, की आपला थकवा गेला आहे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पाय हलके पडत होते, आणि ते ट्राम सोडून भायखळ्यापर्यंत चालत आले.

यात वाईट काही नव्हतं. एक म्हातारी जेवू लागली होती. ते दर रविवारी दुपारी जाऊ लागले. सुनंदाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं, आणि त्याही म्हणाल्या, जात जा, तेवढंच तिला बरं वाटेल. रखमाचे प्रश्न साधे असत. सदरा धुवायला काढू काय? गावच्या घराची कौलं परतायची काय? मनमोहनराव क्षणभर डोळे मिटत, कुठलाही भला मुलगा देईल असं उत्तर देत, चहा पीत, आणि ताजेतवाने होऊन परत येत.

एका रविवारी रखमाने विचारलं, “थंडी वाजता काय रे तुका?”

नाही, म्हणून सांगावं, असं मनमोहनरावांच्या मनात होतं. “पाय भिजले हत,” असं त्यांनी ऐकलं. “सुकवूक जागा नाय.”

खोलीत तिघंच होती. बोलले होते ते स्वतः. ते उभ्या जन्मात मालवणी बोलले नव्हते. लहानपणी घरी कोकणातली गडीमाणसं होती, शाळेत निम्मी मुलं त्याच बाजूची. कानावर पडलेलं कधीतरी जिभेवर येतं, असं त्यांनी ट्राममध्ये बसून स्वतःला समजावलं. ते पटण्यासारखं होतं. घरी आल्यावर त्यांनी पंचा घेऊन पाय पुसले. थोड्या वेळाने पुन्हा पुसले.

“पाय कोरडे आहेत तुमचे,” सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यानंतर घरात एक लहानशी गोष्ट होऊ लागली. सुनंदाबाई विचारीत, “बोंबील आणू की मांदेली?” आणि मनमोहनराव त्यांच्याकडे बघत राहत. त्यांना प्रश्न कळलेला असे. दोन्ही मासे डोळ्यांसमोर येत. पण उत्तर आपण द्यायचं आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. कुणीतरी देईल, म्हणून ते सभ्यपणे वाट बघत. “अहो, मी तुम्हांला विचारतेय,” असं सुनंदाबाई म्हणत तेव्हा ते दचकून काहीतरी एक बोलून टाकीत. शाळेत मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाविषयी त्यांचं मत विचारलं, तर त्यांनी वळून आपल्या खुर्चीच्या मागे पाहिलं. मुख्याध्यापक हसले. शिक्षकखोलीतही हसले सगळे. मनमोहनरावही हसले, आणि त्यांना फार थकल्यासारखं वाटलं. रविवार अजून दूर होता.

पुढच्या रविवारी परत निघाले असताना कमल त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. ती कधी बोलत नसे. आता कठड्याला धरून, खालच्या आवाजात, पण न अडखळता बोलली.

“मास्तर, तुम्ही आपल्या मनचं बोलता ते मला म्हाईत आहे. सासूबाई जेवतात म्हणून मी गप बसले. आता माझ्यासाठी एकदा बोला. माझा भाऊ येतोय गावावरून, मला न्यायला. तिकडे शिवणाच्या वर्गावर ठेवतील मला. इथे मी धड सवाशीण नाय, धड विधवा नाय. हळदीकुंकवाला कोण बोलवत नाय, आणि रडले तर सासूबाई ओरडतात, की मेलंय कोण. त्या सोडणार नायत. पण तो म्हणतो कमलला जाऊ दे, एवढं तुम्ही म्हणालात तर सोडतील. म्हणाल ना?”

“म्हणेन,” मनमोहनराव म्हणाले. हे उत्तर त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते चटकन आलं याचा त्यांना आनंद झाला. तिची वर्षभराची दमणूक त्यांना दिसत होती. सबंध आठवडा ते वाक्य ते मनात घोळवीत राहिले. कमलला जाऊ दे. आरशासमोर कोट घालताना त्यांनी ते मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

कमलचा भाऊ आला होता. दाराशी तिची पत्र्याची ट्रंक बांधून तयार होती, आणि तिने प्रवासाचं लुगडं नेसलं होतं. मनमोहनराव बाकावर बसले. रखमाने ट्रंकेकडे न पाहता विचारलं, “सून जातंय म्हणता. काय करूचा?”

मनमोहनरावांनी डोळे मिटले. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं तेव्हाही ते होतं.

“तिका जाव देव नको,” ते म्हणाले. “मी वाटेर आसंय.”

कमल खाली वाकली, ट्रंकेची दोरी तिने सोडली, आणि एकेक लुगडं काढून पुन्हा दांडीवर टाकू लागली. तिच्या भावाने मनमोहनरावांकडे पाहिलं, आणि तो चपला घालून निघून गेला. मनमोहनराव काही बोलायला उठले. तोंडातून आवाजच आला नाही. रखमा समाधानाने ताट आपल्याकडे ओढीत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कमल ठाकूरद्वारला आली. सुनंदाबाईंनी दार उघडलं, कोण ते ओळखलं, आणि तिला आत घेतलं. मनमोहनराव खुर्चीत बसले होते.

“असं का बोललात?” कमलने विचारलं. “तुम्ही शब्द दिला होता मला.”

मनमोहनरावांना सगळं सांगायचं होतं. ते तिच्याकडे पाहत राहिले. रस्त्यावरून एक घोडागाडी गेली. कमल उत्तराची वाट बघत होती, आणि तेही बघत होते.

“त्यांना तसं बोलायचं नव्हतं,” शेवटी सुनंदाबाई म्हणाल्या. “त्यांना फार वाईट वाटतंय.”

कमलने एकदा त्यांच्याकडे, एकदा मनमोहनरावांकडे पाहिलं. तिचा राग तिथल्या तिथे विझला, आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. “बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “यांना आता तिकडे पाठवू नका.”

सुनंदाबाईंनी पाठवलं नाही. त्यांनी शाळेत रजेचा अर्ज केला, तोही त्यांनीच लिहिला. मनमोहनराव खिडकीशी बसून राहत. जेवायला वाढलं की जेवत, घोंगडी घातली की निजत. कुणी भेटायला आलं आणि प्रकृती विचारली, की सुनंदाबाई सांगत, आज जरा बरं आहे म्हणतात. असं उत्तर देताना पहिल्यांदा त्यांना रडू आलं होतं. नंतर सवय झाली. रविवार आला की मात्र मनमोहनराव दुपारी उठून कोट चढवीत, दाराशी जाऊन उभे राहत, आणि सुनंदाबाई कोट काढून पुन्हा खुंटीला लावीत.

संक्रांत होऊन गेली. शहरात निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या होत्या; वाडीच्या तोंडाशी कर्णा बांधला होता, आणि त्यातून दिवसभर कुणी ना कुणी संतापाने बोलत असे. अशा एका सकाळी कुशाबा धावत जिना चढून आला. त्याला धड उभं राहवत नव्हतं.

“लवू इलो,” तो म्हणाला. आपण कुठे आहोत याचं भान आल्यासारखं त्याने पुन्हा सांगितलं, “लवू आला, बाई. काल तिन्हीसांजेला आला. चालत आला. मास्तरांना घेऊन या म्हणतो.”

“त्यांना बरं नाही,” सुनंदाबाई म्हणाल्या, आणि मागे वळून पाहिलं तर मनमोहनराव कोट घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. इतक्या दिवसांत त्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलेलं पाहून सुनंदाबाईंना बरंच वाटलं, आणि त्या बरोबर निघाल्या. टॅक्सीत मनमोहनराव त्यांचा हात धरून बसले होते. आता सगळं उघडं होणार होतं. जिवंत माणूस घरी परत आला होता, आणि त्याच्या नावावर आपण काय काय बोललो ते सगळे त्याला विचारणार होते. लोक मारतीलसुद्धा. तरी त्या भीतीखाली, फार खोल, त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. ज्याचं बोलणं तो आता स्वतः बोलेल.

चाळीच्या गॅलरीत माणसं दाटली होती. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. रखमा भिंतीशी बसली होती, कमल चुलीपाशी, कपाळावर ठसठशीत कुंकू, पण मान खाली. बाकावर लवू बसला होता. मनमोहनरावांनी मनात हाडांचा सापळा, वाढलेली दाढी, असलं काहीतरी योजलं होतं. हा तरुण धडधाकट होता. केस नीट कापलेले, दाढी केलेली, अंगावर इस्त्रीचा सदरा. सकाळच्या पाळीला जाऊन आल्यासारखा दिसत होता. मोर्चाच्या दिवशी घातलेले कपडे धुऊन दांडीवर टाकले होते, आणि त्यांच्यावर, कुशाबा नंतर म्हणाला, डाग नव्हता की ठिगळ नव्हतं.

लवूने मान वर केली आणि तो ओळखीचं हसला. या माणसाला आपण कधी पाहिलेलं नाही, हे मनमोहनरावांना पक्कं माहीत होतं.

“येवा मास्तरानू,” तो म्हणाला, आणि त्याने बाकावर सरकून जागा केली.

मनमोहनराव दारातच उभे राहिले. “मी...” ते म्हणाले. शब्द त्यांचा स्वतःचा होता, पण त्याच्या पुढे काही नव्हतं.

“कालपासून असोच बसलोसा,” रखमा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, आणि थोडी कुरकुर. “जेवलो, न्हालो, निजलो. पण इचारलंय त्याचा उत्तर देय नाय.” मग ती मुलाकडे वळली. वर्षभर साठवलेला प्रश्न तिने पुन्हा, सावकाश, लहान मुलाला विचारावा तसा विचारला. “खंय होतस रे झिला, इतके दिस?”

कमलने मान वर केली.

लवूने आईचा प्रश्न नीट ऐकून घेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली. मग त्याने मनमोहनरावांकडे तोंड फिरवलं, आणि काही अडलं की कुणीही जाणत्या माणसाला विचारील इतक्या सहज, विश्वासाने विचारलं,

“आवस इचारता, मास्तरानू. मी खंय होतंय?”

सुनंदाबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. तो हात इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऊबदार लागत होता. मनमोहनरावांनी तो हलकेच, त्यांना दुखू नये अशा बेताने सोडवून घेतला, ते आत जाऊन लवूच्या शेजारी बसले, आणि तो कुठे होता ते अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.